बिनवजनाची मांडणी

शेवटचा स्क्रू पिळून झाला तसे प्रल्हादराव निमकर कौतुकाने दोन पावलं मागे सरले आणि गाडीतून जवळजवळ बाहेरच पडले. त्या गाडीत दोन पावलं मागे सरायला जागा नव्हती. मांडणी मात्र पाहण्यासारखी झाली होती. चहाच्या खोक्यांचं प्लायवूड, बांबूच्या कामट्या, आणि फळ्यांच्या जागी ताणून बसवलेली खाटेची नवार. जिथे म्हणून लाकूड उरलं होतं तिथे भोकं पाडलेली. बसवण्याआधी त्यांनी ती शेजारच्या आनंदरावांना एका बोटावर तोलून दाखवली होती. आनंदराव मुहूर्ताचा नारळ घेऊन सकाळपासून उभे होते, त्यांना काही ना काही दाखवणं भागच होतं.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी अँब्युलन्स. प्रल्हादरावांनी तिचं फिरतं घर केलं होतं, खिडक्यांना बगरूचे छापील पडदेसुद्धा लावले होते. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, बायकोला कुठे म्हणून नेलं नाही. तर आता जयपूरहून निघायचं ते थेट रामेश्वरापर्यंत. बेत त्यांचा आणि रुखरुखही त्यांचीच. शकुंतलाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण चाचणीच्या दिवशी आमेरच्या किल्ल्याच्या चढावर गाडीने मान टाकली. मागून येणारा हत्ती घटकाभर थांबला आणि बाजूने पुढे निघून गेला. तेव्हापासून प्रल्हादरावांनी वजनाशी वैर धरलं. रद्दीवाल्याकडून पारड्याचा ताणकाटा पैदा केला, गाडीत टांगला आणि संसारातली एकेक वस्तू त्यात घातली. खलबत्ता नापास झाला. पळ्यांचे दांडे निम्मे कापले गेले. पोळपाटालाही भोकं पडली, तेव्हा शकुंतलाबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि प्रवासात भातच लावीन म्हणाल्या.

मग देवांची पाळी आली. बाळकृष्ण, खंडोबाचा टाक आणि अन्नपूर्णा. अन्नपूर्णा माहेरची, लग्नाच्या दिवशी गौरीहराशी बसून शकुंतलाबाईंनी पुजलेली, आणि पदराखाली धरून सासरी आणलेली. पितळेची, भरीव. ती पारड्यात बसली आणि काटा जो खाली गेला, तो बघून प्रल्हादरावांना आमेरचा हत्ती आठवला.

तोडगाही त्यांनीच काढला. चौडा रास्त्यावरच्या स्टुडिओत देवांचा फोटो काढून घ्यायचा आणि मांडणीवर तो ठेवायचा. देव इथे घरी तांदळाच्या डब्यात सुखरूप राहतील.

“अगं, फोटो काय आणि मूर्ती काय,” ते म्हणाले. “भाव महत्त्वाचा.”

शकुंतलाबाईंनी वाद घातला नाही. फोटोला नैवेद्य दाखवायचा की कसं, एवढंच विचारलं. आणि स्टुडिओत मीच जाऊन येते म्हणाल्या. देव पिशवीत घालून टांग्याने गेल्या, टांग्याने आल्या. भांडण झालं नाही याचा प्रल्हादरावांना इतका आनंद झाला की त्या भरात त्यांनी मांडणीला आणखी थोडी भोकं पाडली.

आता मांडणी लावून घे, अशी घरात हाक देऊन ते रेडिएटरात पाणी भरायला गेले. आनंदरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. शकुंतलाबाई आल्या, मांडणी लावली, आत गेल्या. हात पुसत प्रल्हादराव गाडीत चढले.

खालच्या नवारीवर एक ताट होतं. एक वाटी, एक पेला. किती हलकं, म्हणून त्यांना आधी बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. त्यांनी दुसरं ताट शोधलं. बाकाखाली वाकून ट्रंक बघितली. तिथे त्यांचीच ट्रंक होती, एकटी.

वरच्या नवारीवर देवांचा फोटो होता. त्याला टेकून दुसरा फोटो. त्यात शकुंतलाबाई होत्या, नेहमीच्याच पातळात, सरळ समोर बघणाऱ्या.

“अगं,” त्यांनी हाक मारली.

शकुंतलाबाई व्हरांड्यात आल्या. अनवाणी, बोटांना ओलं गंध. पूजा अर्धी टाकून आल्या होत्या.

“चौकट आणि काच काढून टाकलीय,” त्या म्हणाल्या. “उगाच वजन.”

“म्हणजे तू...”

“आम्ही सगळे आलोय की तुमच्याबरोबर. मावलो ना मांडणीवर?”

“अगं, पण हे सगळं तुझ्यासाठी...” प्रल्हादराव म्हणाले. मांडणीची कामटी त्यांनी हातात घट्ट धरली होती. हातात धरण्यासारखं तिच्यात फारसं काही नव्हतं.

“भाव महत्त्वाचा,” शकुंतलाबाई म्हणाल्या. चिडून नव्हे, उलट समजूत घातल्यासारखं. “चहाची पूड पेल्यात आहे. सावकाश जा.”

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने घंटेचा आवाज आला.

आनंदराव खिडकीपाशी आले, बगरूचा पडदा जरासा बाजूला केला, आणि कुणाच्या दारी समाचाराला गेल्यावर बोलावं तितक्या हळू आवाजात त्यांनी नारळ फोडायचा का, असं विचारलं. मग पडदा होता तसा नीट करून ते मागे झाले.

आत प्रल्हादराव बायकोचा फोटो हातात घेऊन उभे होते. काय करावं ते सुचेना, तेव्हा इतक्या दिवसांच्या सवयीने हाताने आपलं काम केलं. त्यांनी फोटो पारड्यात ठेवला आणि वाकून पाहिलं.

काटा हलला नाही.