एकेचाळीस नर

एकेचाळिसावा उंदीरही नरच निघाला.

टेकचंदनं खुशीत सुरी खाली ठेवली. सालेकशाच्या धानबांध्यांजवळ, म्हणजे भातशेतांजवळ, महिनाभर त्याचा तंबू होता. म्युझियमसाठी पाखरं आणि बारीकसारीक प्राणी जमवायचे, सोलायचे, आत कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधायची, हे त्याचं काम. पाखरांनी त्याला कधी कोड्यात टाकलं नव्हतं. हरियल, तितर, पोपट, सगळ्यांच्या जोड्या मिळाल्या होत्या. मग या उंदरांच्या बायका गेल्या कुठं, हे कोडं मात्र त्याला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

उंदीर आणून द्यायची धुरपता. म्हातारीला शेत नव्हतं. धानकापणी झाली की ती बांधावरची बिळं खणायची आणि उंदरांनी आत साठवलेल्या लोंब्या घरी न्यायची. त्यावरच तिचा हिवाळा निघायचा. दोघांचं ठरलं होतं, धान तिचं आणि उंदीर त्याचा. एका बिळात मोठा उंदीर एकच राहतो, हेही तिनंच त्याला सांगितलं होतं.

टेकचंदला तहानभूक सुचेना. त्यानं धानाच्या वाळल्या तणसाचे ढीग उपसले, पाटाचे काठ पालथे घातले. एक मादी दिसेल तर शपथ! शेवटी विचार करकरून त्याला उलगडा झाला. थंडी पडली की माद्या शेत सोडून दूर रानात जात असणार. आजवर कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट! म्युझियमच्या साहेबांना त्यानं आठ पानी पत्र लिहिलं. दहा वर्षं सालटी काढण्यात गेली होती. आता कुठं त्याचं नाव छापून येणार होतं. तो नुसता मोहरून गेला होता.

पत्रातला चाळीसचा आकडा खोडून त्यानं एकेचाळीस केला. दुपारच्या गाडीनं पत्र जायचं होतं. धुरपता समोरच उभी होती. त्याला राहवेना.

"आजी, थंडीत यांच्या माद्या कुठं जातात, ते मी शोधून काढलं. रानात!"

धुरपता त्याच्याकडे नवलानं पाहत राहिली.

"रानात काऊन जातीन बाबू? बिळातच त आहेत. मी त्यायले हातच नाई लावत. साऱ्या माद्या तुमाले देल्या, त पुढच्या वर्साले माह्यासाठी धान कोन जमा करन?"