वरचा सूर

दुसरा मिक्सर जोडून झाला तसा साउंडवाल्याने सभागृहाच्या मागच्या टेबलावरून हात हलवला. स्टेजवर एकट्या उभ्या असलेल्या त्याच्या आत्याने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

नाट्यगृहासाठी आवाज जुळवायचा मिक्सर, दोनांतला एक, घ्यायचा होता. एक बटणांचा, एक काचेच्या पडद्याचा. समितीने निवड साउंडवाल्याच्या कानावर सोपवली होती, आणि त्याचा कान तयार झाला होता आत्याच्या गळ्यावर. म्हणून चाचणीला त्याने तिलाच बोलावलं होतं.

दुसऱ्या कडव्यात वरचा सूर आला आणि निसटला. पहिल्या मिक्सरवरही निसटला होता, पण तिथे थोडा झाकला गेला. इथे लख्ख ऐकू आला. शेजारी बसलेल्या, मिक्सर घेऊन आलेल्या विक्रेत्याने सभ्यपणे मान खाली घातली. ते पाहून साउंडवाल्यालाच कानकोंडं झालं.

"वय झालं हो," तो हसत म्हणाला. "गळा गेला, पण हौस जात नाही. तुमच्या या मशीनमध्ये बेसूर झाकायची सोय आहे का?"

"आहे ना," विक्रेताही हसला. "फक्त गाणाऱ्याला कळू द्यायचं नाही."

गाणं थांबलं.

विक्रेत्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात पेटलेल्या लाल चौकोनावर गेली. इथून स्टेजवरच्या माणसाशी बोलायचं ते बटण. बटणांच्या मिक्सरवर ते दाबून धरावं लागे, बोट उचललं की बंद. इथे एकदा बोट लागलं की चालूच राहायचं. मघाशी कधीतरी लागलं असणार.

आत्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरकडे बघत उभी होती.

"स्वच्छ ऐकू येतंय," ती माइकमध्ये म्हणाली. "शब्दन् शब्द."

साउंडवाल्याने बटण बंद केलं. बोटांना घाम सुटला होता, पडदा लवकर दाद देईना. मग तो रिकाम्या खुर्च्यांमधून चालत स्टेजपाशी गेला. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"आत्या, मी ते... आपलं बोलायचं म्हणून बोललो."

"वरचा सूर लागत नाही, हे मला माहीत नाही का?" तिने माइक बंद केला. "कधीतरी तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तू परक्याला सांगितलंस."



"मग, कुठला ठेवू?" विक्रेत्याने मागून विचारलं.

"हाच ठेवा," आत्या म्हणाली. माइकशिवाय तिचा आवाज मधल्या खुर्च्यांपर्यंतही पोचला नाही.

"काय म्हणाल्या?"

साउंडवाल्याने घसा खाकरला. तिचे शब्द त्याला ओरडून सांगावे लागले.