बाबांची कामटी

"आई, याचा त्रिकोण होणारच नाही," मुक्ता म्हणाली. आकाशकंदिलासाठी मांडलेल्या तीन कामट्यांतल्या दोन आखूड होत्या. कितीही झुकवल्या तरी त्यांची टोकं भिडेनात. दोन्ही लांब कामटीवर आडव्या व्हायच्या. "दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या लागतात. बाबांची कामटी काप ना थोडी."

आईचा हात कोयतीकडे जाईना. नवरा उन्हाळ्यात गेला. त्यानं तासलेली ही एकच कामटी मागे राहिली होती. आखूड दोन तिनं तासलेल्या, उरलेल्या बांबूत निघाल्या तेवढ्या. "राहू दे. विकतचा आणू," ती म्हणाली.

लसूण सोलत बसलेली आजी उठली. "माझ्या लेकाला विकतचा कंदील कधी चालला होता का गं?" म्हणत तिनं कोयती उचलली, कामटी पाटावर धरली आणि वीतभर तुकडा उडवला.

टोकं भिडली. मुक्तानं दोरा गुंडाळला. आजीनं मात्र तुकडा हातातून सोडला नव्हता. अंगठ्यानं ती त्याची तासलेली बाजू चाचपत होती. मग तिनं तो सुनेपुढे धरला.

"हा आत आडवा बांध. दिवा यालाच टांगू."