पायाशी पडणाऱ्या पुंगळ्या

अल क्वोजच्या शूटिंग रेंजवरची चार नंबरची रायफल सकाळपासून अडत होती. एक गोळी सुटली की दुसरी आत चढायचीच नाही. मेकॅनिक नागेशने मॅगझिन बदललं, स्प्रिंग बदलली, उपयोग शून्य.

"हिच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या हल्ली पायाशीच पडतात," पुंगळ्या वेचता वेचता सफाईवाले केरूमामा म्हणाले.

नागेश चमकला. म्हणजे पिस्टनला गोळीच्या गॅसचा जोर पुरत नाही! पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढची गोळी चढवणं, दोन्ही त्याच जोरावर चालतं. त्याने उघडून पाहिलं, तर गॅसचं भोक काजळीने बुजलेलं. साफ करून एक गोळी मारली. पुंगळी चांगली तीन हात लांब उडाली आणि पुढची गोळी आपोआप चढली.

"मामा, कधीपासून जवळ पडत होत्या?"

"झाले की आठ दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

लांबच्या पुंगळीकडे बघत मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. "एका जागी बसून वेचता येत होत्या रे."