दंड कानाला

“कोपर वाकवू नका, तात्या. दंड कानाला लागला पाहिजे.”

गेणबा तात्यांचा उजवा हात थरथरत वर चालला होता. दिवाळीपासून खांदा आखडलेला. सदरा घालायला बायको लागायची, पटका बांधायला मुलगा. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, सुईनं भागायचं नाही, योगासनं शिका. आता गावात योगासनं येणारा माणूस एकच, आणि तो नेमका सोमनाथ निघाला. नोकरी इंदापूरच्या शाळेत, खेळाचा मास्तर. घर मात्र बौद्धवस्तीत. म्हणून तात्या रोज उजाडायच्या आत, डेअरीला निघाल्यासारखे किटली हातात धरून, ओढ्याच्या अंगानं यायचे. किटली रिकामी असायची.

“श्वास रोखू नका,” सोमनाथ म्हणाला. त्याचा एक तळवा तात्यांच्या खांद्यावर होता, दुसरा कोपराखाली. “दुखायची भीती वाटली की माणूस श्वास धरून ठेवतो. सोडा तो. हात आपोआप जातोय बघा.”

तात्यांनी श्वास सोडला. हात गेला. दंड कानाला टेकला.

म्हातारा लहान पोरासारखा हसला. हात खाली घेतला, पुन्हा वर नेऊन पाहिला. मग डोक्याचा पटका सोडला आणि तिथंच अंगणात उभं राहून आपल्या हातानं बांधला. शेवटचा पेच जरा ढिला राहिला, पण कुणाची मदत लागली नाही.

“अक्का, च्या टाका,” तात्या दाराकडं बघून म्हणाले.

सोमनाथच्या आईला, अक्काबाईला, आधी खरंच वाटेना. इतके दिवस ती विचारायची आणि तात्या ‘पिऊन आलोय’ म्हणायचे. तिनं चहा आणला. तात्यांनी बशीत ओतून तो आवाज करत प्याला.

“आज ग्रामसभेत तुझा इषय हाय न्हवं?”

“व्हय. तालमीचा हॉल सकाळचा तासभर मागितलाय. कंबरा धरलेल्या किती बाया हायेत गावात. पण हितं आमच्या अंगणात कोण येतंय, तात्या?”

“मी हाय की! पयला हात माझा,” तात्या म्हणाले आणि रिकामी किटली उचलून निघाले.

सव्वीस जानेवारीचा झेंडा झाला आणि शाळेच्या पटांगणात सभा बसली. सरपंच प्रयागबाई खुर्चीवर होत्या; बोलत त्यांचे मालक होते. तात्या पुढच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या ऋषिराज. त्यानं पटक्याकडं पाहिलं.

“स्वतः बांधला, तात्या? हात सुटला म्हणायचा! कुणाचं औषध?”

“बारामतीचा डॉक्टर,” तात्या म्हणाले. “सुई मारली त्यानं.”

सोमनाथ कडेला लिंबाखाली उभा होता. त्यानं ऐकलं. म्हाताऱ्याला लाज वाटत असेल, वाटू दे, वेळेला हात वर केला म्हणजे झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस गरजू असला की समजूत फार लवकर पटते.

विषय निघाला तसा ऋषिराज उभा राहिला. “योगासनाला आमचा इरोध न्हाय. योग म्हंजे आपली संस्कृती. पण तालमीत मारुती हाय. त्याच्या म्होरं बायामाणसं पाय लांब करून झोपणार, बरं दिसंल का? मास्तरांनी त्यांच्या आळीत वर्ग घ्यावा. वाटल्यास सतरंजी पंचायत देईल.”

जात कुणीच काढली नाही. हल्ली कुणी काढत नाही. गाव सुधारलंय.

“पैलवान लंगोटावर लोळत्यात तवा मारुतीला चालतं व्हय?” अक्काबाई बायकांतून उठून म्हणाली. “आन् योगानं गुण येतो का न्हाय, त्ये हितंच बसल्याल्या एका मानसाला इचारा की!”

ती तात्यांकडं बघत होती. तात्या जमिनीकडं बघत होते. लिंबाखालून सोमनाथनं मानेनंच तिला नको म्हटलं. ती धुसफुसत खाली बसली.

“हॉल द्यायला ज्यांचा इरोध हाय, त्यांनी हात वर करा,” सरपंचबाईंचे मालक म्हणाले.

एकही हात वर गेला नाही. ज्याच्या त्याच्या घरात दुखणं होतं आणि मास्तर वाईट नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो दुसऱ्याची वाट पाहत होता. दोन घटका सगळे असेच बसून राहिले असते तर हॉल मिळूनही गेला असता. पण ऋषिराजनं वळून तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग मागची सगळी भावकी पाहायला लागली. वडीलधारा काय करतो, त्यावर बाकीचे ठरणार होते.

तात्यांनी पटका चाचपला. पहिला हात त्यांचाच वर गेला. मग त्यांच्या मागून बाकीचे, रांगेरांगेनं.

“मोजून होईस्तोवर खाली घेऊ नका,” ग्रामसेवक म्हणाला.

बाकीच्यांचे हात अर्धवट होते, कोपरात वाकलेले, कुणाचे नुसते खांद्यापर्यंत. तात्यांचा तेवढा सरळ होता. कोपर ताठ, दंड कानाला. चेहरा लाल झाला होता आणि छाती फुगलेली तशीच राहिली होती.

लिंबाखालून आवाज आला. सकाळच्यासारखाच, शांत.

“तात्या, श्वास रोखू नका.”