सात डागी पत्ते

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सोजरबाईंनी चाचणीच्या गठ्ठ्यातले सात पत्ते काढून टेबलाच्या कडेला ठेवले. चाचणी अजून सुरू झाली नव्हती.

"हे काय केलंत, मावशी?" पद्मजाने विचारलं.

"डागी हायेत. आधी डागी काढायचं, मग प्रत लावायची."

पद्मजा रुग्णालयाची मानसतज्ज्ञ होती. तिने सातही पत्ते पाहिले. दोनांचे कोपरे मुडपलेले होते, एकावर चहाचा डाग होता. उरलेल्या चारांत तिला काही दिसलं नाही.

सोजरबाईंचं वय एकसष्ट. पस्तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात एका गाळ्यावर लिंबं निवडली होती. चार वर्षांपूर्वी कंपवात झाला. आता मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन सुचवलं होतं. जिवाला धोका थोडा होता, पण होता. सगळं ऐकून सोजरबाईंनी एका मिनिटात होकार दिला, आणि त्या एका मिनिटालाच त्यांचा मुलगा जयसिंग घाबरला. त्यांच्या गोळ्यांपैकी एक छोटी पांढरी गोळी काही जणांच्या मेंदूचा ब्रेक सैल करते, हे त्याला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. माणूस मागचापुढचा विचार न करता हो म्हणून टाकतो, नाहीतर एकच काम तासन्‌तास करत बसतो. मग होकार आईचा की गोळीचा? ते पद्मजाने लिहून द्यायचं होतं. गुरुवारच्या ऑपरेशनसाठी फॉर्मवर तेवढी एकच ओळ उरली होती.

पद्मजाने चार नमुन्यांचे पत्ते मांडले. गठ्ठ्यातला एकेक पत्ता त्यांतल्या एकाखाली लावायचा. नियम सांगणार नाही, बरोबर की चूक एवढंच सांगेन, म्हणाली.

सोजरबाईंचा उजवा हात मांडीवर थडथडत होता. पत्ता उचलला की थडथड कमी होई. पहिले दहा-बारा पत्ते रंगावरून बरोबर लागले. मग पद्मजाने न सांगता नियम बदलला. दोन पत्ते चुकले.

"गिऱ्हाईक बदललं वाटतं," सोजरबाई म्हणाल्या आणि पुढचा पत्ता आकारावरून लावला.

"बरोबर."

"अहो मॅडम, पण हेच!" जयसिंग खुर्चीत पुढे सरकला. "घरीसुद्धा हेच चालतं. तूरडाळ चार-चार वेळा निवडते. कालसुद्धा दुपारभर. पाकिटातली डाळ, त्यात काय असतं? आणि आठ दिवसांत कंप किती वाढलाय बघा. अशा अवस्थेत हिनं ठरवायचं? आई, डोक्याला भोक पाडणार आहेत. डोक्याला!"

"तुझ्या डोक्याला न्हाई ना?"

पद्मजाने पेन खाली ठेवलं. "डाळ चारदा का निवडता?"

"तीनदा निवडून चवथ्यांदा खडा घावला, तर डोळं गेलं. न्हाई घावला, तर काम अजून येतंय. दुसरं कसं कळणार? गाळ्यावर आता कुणी बोलावत न्हाई."

पद्मजाने ते लिहून घेतलं, पण त्यावर विसंबली नाही. असे रुग्ण आपल्या वागण्याला नेहमी चांगलं कारण देतात. मेंदू आधी करून मोकळा होतो, कारण मागून जुळवतो. हे ती दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होती.

"आणि ऑपरेशनचं एका मिनिटात कसं ठरवलंत?"

"लिंबाला मिनिट लावलं असतं, तर दिवसात एक पोतं झालं नसतं."

"हे लिंबू नाही, मावशी."

"म्हणून तर दुसऱ्यांदा निवडलं." सोजरबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि कागदाची पुडी टेबलावर उघडली. आत छोट्या पांढऱ्या गोळ्या होत्या. "आठ दिवस घेतली न्हाई. मन बदलतंय का बघितलं. न्हाई बदललं."

जयसिंग गोळ्यांकडे बघत राहिला. कंप वाढला तो आठ दिवसांतच.

"ही गोळी अशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे," पद्मजाचा आवाज चढला. "कुणाला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता ना तुम्ही. ह्याच्या बायकूला, नंदाला, सांगून ठेवलं हुतं. पडले, भ्रमिष्टावानी बोलाय लागले, तर गोळ्यांचा डबा कुठं हाय ते."

"नंदाला माहीत होतं?" जयसिंग म्हणाला.

पद्मजाने दोन गोष्टी एकाखाली एक लिहिल्या. काल दुपारी डाळ चारदा निवडली, तेव्हा गोळी बंद होऊन आठवडा झाला होता. आणि गोळी बंद करताना जिवाचा धोका पत्करला, तोही कुणा डॉक्टरला न विचारता. पहिली गोष्ट होकाराच्या बाजूची होती. दुसरी कोणत्या बाजूची, ते तिने लिहिलं नाही. मग फोन उचलून सोजरबाईंच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलावून घेतलं.

डॉक्टर तपासून गेले होते, तरी संध्याकाळी साडेपाचला फॉर्मवरची ओळ कोरी होती. गुरुवारची यादी सहा वाजता लागते. सोजरबाई बाहेर बाकावर बसून होत्या. जयसिंगला त्यांनी बिबवेवाडीला घरी पाठवलं होतं, दोन लुगडी आणि चष्मा आणायला.

आत पद्मजा खिडकीशी उभी राहून सकाळच्या सात डागी पत्त्यांतले ते उरलेले चार उजेडात तिरके धरून बघत होती. तीन पत्त्यांवरचे डाग तिला सापडले होते. चौथ्यावरचा अजून सापडला नव्हता.