कडी काढायची न्हाय

छकुलीचं लग्न बावड्याला ठरलं, त्या साली चैत्रातल्या एका सकाळी प्रयागबाई कळंबच्या घरात, मधल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून बसली होती. आत तिचा नवरा सोपान होता. दारू सोडायला आत गेल्याचा हा तिसरा दिवस.

कडी लावायला त्यानंच सांगितलं होतं. खंडोबाचा भंडारा तिच्यापुढं धरून म्हणाला होता, "मी कितीबी बोंबललो तरी आठ दिस काढायची न्हाय. उचल भंडारा." तिनं उचलला होता.

"प्रयागे, भिंतीवनं मुंगळं चाललंत गं. अंगावर याय लागलंत."

"कुठलं मुंगळं? अवं, पोरीचं लगीन हाय. कळ काढा."

"तीस वरसात माझं एक ऐकलं न्हाईस. आत्ताच ऐकायचं सुचलं व्हय?"

तिला हसू आलं, तसंच रडूही. उठून तिनं कडीला हात घातला. मग काढून घेतला. मागच्या खिडकीतून जेवण द्यायची सोय होती, पण मुंगळ्यांच्या भीतीनं त्यानं तीही आतून लावून घेतली होती.

बारामतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला होता. दारूनं मेंदूकडं जाणारं रक्त कमी झालंय, सुटली तर हळूहळू वाढेल, म्हणाले होते. पण घरी एकदम तोडू नका, झटके येतात, आमच्याकडं भरती करा. बाहेर आल्यावर थोरला अजित म्हणाला, "दवाखान्यात ठिवलं की बावड्याला कळणार. सोयरीक मोडंल." सगळे तसेच घरी परतले.

आत तांब्या पडला. मग खाटेचे पाय फरशीवर खडाखडा वाजू लागले. प्रयागबाईनं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"देवा, एवढी कळ जाऊ दे."

खाट थांबली. घोरल्यासारखा एक लांब आवाज आला. तोही थांबला.

अजित जनावरांना वैरण टाकून आला. "आई, तात्या गप झालं?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. तीन दिसांनी झोप लागलीया."

आणि ती स्वतःही तिथंच, दाराशी, पदर तोंडावर घेऊन आडवी झाली.

सोपान गेला तो त्याच गुरुवारच्या सकाळी, दहाच्या आत. कडी काढली दुपारी दोनला.